तेरावा महिना

त्या देशात वर्षाला खरोखरच तेरा महिने असतात.
बारा तीस-तीस दिवसांचे, सरळ, वेळेवर कर भरणाऱ्या माणसांसारखे,
आणि शेवटी पाग्मे, पाच दिवसांचा,
चौथ्या वर्षी सहाचा.
हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो.
माझ्या भाषेतला दुष्काळ
आपला तेरावा महिना इथं विसरून गेला होता
आणि इथं कुणाला ही गंमत सांगता येत नव्हती.

मी मोजायला आलो होतो.
योजना अशी: माणशी महिन्याला पाच दिवस काम,
घरात चार तोंडं म्हणजे वीस दिवस,
डोंगराच्या अंगावर दगडी बांध, बांधामागे चर.
मोबदल्यात गहू किंवा नोटा,
ट्रकमधून जे येईल ते,
आणि ट्रक येईल तेव्हा.

अस्नाकेच तिथं दगड बसवायची.
उचलायचे इतर. बसवायची ती.
"चपटं तोंड उताराला दे," पोरांवर ओरडायची,
"पोट डोंगरात घाल. दगडालाही टेकायला काही लागतं."
कृषी खात्याचा तिलाहुन पातळी तपासायला यायचा
आणि तिच्या बांधापाशी पिशवी न उघडताच पुढे जायचा.

तिच्या घरी गेलो ती दुपार.
तिनं कॉफीचे दाणे भाजले, धूर हातानं माझ्याकडे वळवला.
तिसरा पेला झाल्याशिवाय उठायचं नसतं,
एवढं मी शिकलो होतो.
तक्ता गुडघ्यावर.
छप्पर: पत्र्याचं.
मेंढ्या: तीन.
धान्य कोणत्या महिन्यांत पुरत नाही?
"नेहासे," ती म्हणाली. मी खूण केली.
"आणि पाग्मे."
तक्त्यात रकाने बाराच.
"पाचच तर दिवस," मी म्हणालो.
"पाच दिवस तू काय खातोस?"
रागानं नाही. उत्तर हवं असल्यासारखं.

ताहसासमध्ये यादी आली.
वारुळाशेजारच्या झाडाखाली कारकुनानं ती वाचली:
पुढील कुटुंबं उत्तीर्ण झाली आहेत.
म्हणजे गरिबीतून पास.
त्यांना यापुढं काम नाही, गहू नाही,
अभिनंदन आहे.
तिथल्या भाषेत पदवी मिळणं आणि आशीर्वाद मिळणं
एकाच क्रियापदात उरकतं.
अस्नाकेचचं नाव सातवं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
तिनंही वाजवल्या,
मग हात तसेच जुळलेले राहिले,
सोडायचे कसे ते विसरल्यासारखे.

मेंढ्या तिच्या नव्हत्या.
पलीकडच्या खेड्यातल्या मोल्लाच्या, अर्धलीनं राखायला आणलेल्या.
मी कुणाच्या ते विचारलंच नव्हतं.
किती, एवढंच विचारलं होतं.
आणि पाहुण्यासमोर अंगणातली मेंढी परक्याची म्हणावी
इतकी गरीब ती कधीच नव्हती.

दुरुस्तीचा अर्ज केला. दोन प्रती, दोन शिक्के.
तिलाहुन म्हणाला, आकडा वर गेला.
वर म्हणजे कुठं?
त्यानं हात केला तो डोंगराकडे,
जिथं फक्त एक गाढव उभं होतं.

तिर महिना लागला. कामाच्या पहिल्या दिवशी ती आली.
हजेरीत नाव नव्हतं, कारकुनानं मान वर केली नाही.
ती सरळ आपल्या बांधाच्या तुटक टोकाशी गेली.
तिथं थोडं काम राहिलं होतं
आणि बरोबर त्याच्याच खाली तिची जवाची पट्टी.
दुपारपर्यंत दगड लावत होती.
शेवटचा तिनं दोनदा काढून परत घातला.
मग पदराला हात पुसून
माझ्याकडे बघितलं.
"मोज."
मी टेप लावली.
दोन मीटर चाळीस.
"मला अडीच वाटलं होतं," ती म्हणाली
आणि आणखी एक दगड शोधायला खाली उतरली.